पट्टकीचे पाच प्रकार

मानवी त्वचा हे निसर्गाने दिलेलं अभेद्य कवच आहे, असं कुंडलिक सर नववीच्या वर्गाला दरवर्षी गंभीरपणे सांगत. मग भोरच्या सुताराकडून करून घेतलेली सागवानी पट्टी काढून ते कवच तपासून बघत.

वेल्ह्याजवळच्या त्या शाळेत सोमवारी शेफालीचं कवच फाटलं. "अभिस्तर ऊतींचे, म्हणजे त्वचेसारखी आवरणं बनवणाऱ्या ऊतींचे, प्रकार?" सरांनी विचारलं. "सरल पट्टकी..." एवढं म्हणून ती अडली. आधी बोटांच्या पेरांवर डस्टर, मग पट्टी. पाचव्या फटक्याला तळहात उलला आणि रक्त वहीवर सांडलं. सरांनी वही बदलायला सांगितली. टापटिपीबाबत ते काटेकोर होते. पाठोपाठ चाचणी झाली. शेफालीनं ती डाव्या हातानं लिहिली.

सर मुख्याध्यापकही होते. मंगळवारी धोंडाबाई त्यांच्या ऑफिसात आल्या. शाळेची खिचडी त्याच शिजवत, आणि शेफाली त्यांची भाची.

"सर, पोरीचा दाखला द्या. कापूरहोळच्या ढाब्यावर भांडी घासंन म्हणती, पन साळंत न्हाई यायची."

सर खवळले. "अहो, ढ आहे ती! ऐका, काय लिहिलंय!" आणि त्यांनी पेपर मोठ्यानं वाचायला घेतला.

"सरल पट्टकी: पट्टी सपाट मारतात ती. स्तरित पट्टकी: त्याच जागी परत परत मारतात ती. स्तंभीय: खांबाला उभं करून मारतात ती. घनाभरूप: डस्टरने. ग्रंथिल: मारल्यावर गाठ येते ती." सरांचा आवाज बारीक झाला. "उदाहरण: माझा हात."

"मग? बरूबर लिवलंय की!" धोंडाबाई म्हणाल्या. "खोटं काय हाय त्यात?"

सरांनी पेपर टेबलावर पालथा ठेवला.

धोंडाबाईंनी आपला पंजा टेबलावर ठेवला. "ह्यो बघा. चटके बसून बसून कातडी जाड झाली. आता भाजलेलं कळत न्हाई, अन् कुणी मायेनं हात धरला तरी कळत न्हाई. पोरांचं तसंच व्हनार, सर. मारलेलं कळायचं बंद व्हईल, अन् शिकवलेलंबी."

अरेरे! इतकी वर्षं आपण जे शिकवलं, ते मुलांना तंतोतंत समजलं होतं! सरांनी पट्टी उचलली आणि गुडघ्यावर हाणली. सागवान अस्सल होतं. तिसऱ्या दणक्याला मोडलं, आणि बोटभर ढलपी सरांच्या तळहातात घुसली.

"आई गं!"

"बघू," धोंडाबाई वाकून म्हणाल्या. "हिला काय म्हनायचं, सरल?"

बुधवारी सर बांधलेला हात घेऊन शेफालीच्या दारात उभे राहिले. "चुकलो, बाळ. पुन्हा नाही मारणार." ती बराच वेळ पट्टीकडे, म्हणजे या खेपेला बँडेजच्या पट्टीकडे, बघत राहिली. गुरुवारी शाळेत आली.

नागरिकहो, भीतीनं पाठांतर होतं, शिक्षण होत नाही. मुलांवर उगारलेला हात आजच खाली घ्या!

सहामाहीत अभिस्तर ऊतींवर प्रश्न आला नाही. तो धडा मुळात दुसऱ्या सत्राचा होता; सरांनीच तो घाईनं आधी घेतला होता.