कोटाच्या मागे

गुंड्याच्या ताईची लाँड्री होती. ताई पुढे काउंटरवर बसायची आणि गुंड्या मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशी उभा असायचा. मध्ये एक पडदा. गिऱ्हाइकं पडद्याच्या पलीकडे, त्यांचे कपडे अलीकडे. गुंड्या पन्नाशीला टेकला होता, पण ताईनं त्याचं लहानपणचं नाव सोडलं नव्हतं, त्यामुळे बाकीच्यांनीही सोडलं नाही.

इतकी वर्षं पडद्यामागे काढल्यामुळे तो माणसं कपड्यांवरून ओळखायचा. रस्त्यात कुणी हात केला की हा आधी त्याच्या शर्टाकडे बघायचा आणि मग खूश होऊन म्हणायचा, "अरे, तुम्ही होय! खिशाला शाईचा डाग!" समोरचा माणूस खिसा झाकत निघून जायचा.

बायको गेल्याला दोन वर्षं झाली होती. घरात आता आवाज म्हणून फक्त फ्रिजचा होता. बायको होती तेव्हा ती चालताना कायम पुढे आणि हा मागे. ती झपाझप चालायची आणि वळून न बघता बोलायची. मध्येच विचारायची, "ऐकताय ना?" हा तिच्या पाठीला म्हणायचा, "हो." त्यांचा सगळा संसार असाच झाला आणि चांगला झाला. ती गेल्यावर लोकांनी त्याला सांगितलं, फिरायला जात जा, मन रमेल. तो गेला. पण पुढे कुणी नसताना कुठल्या बाजूला वळायचं हेच त्याला समजेना. चौकात उभा राहून तो परत आला.

अशात लाँड्रीत तो कोट आला. बाटलीच्या रंगाचा हिरवा, जाड लोकरीचा, पाठीवर पट्टा आणि पट्ट्याला दोन मोठी बटणं. असा कोट त्यानं आधी कधी हाताळला नव्हता. त्यानं तो वाफेवर धरला, कॉलर बसवली, पाठीवरून हात फिरवला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला.

"झोपलास का रे?" पलीकडून ताई ओरडली.

दुसऱ्या दिवशी तो धाग्याचं रीळ आणायला बाहेर पडला, तर तोच कोट समोरून रस्ता ओलांडून पुढे चाललेला. गुंड्याचे पाय आपोआप त्याच्या मागे वळले. आपण काही वाईट करतोय असं त्याच्या मनात आलं नाही. त्याला फक्त एवढंच वाटलं, की दोन वर्षांनी आपल्याला कुठे जायचं ते कळतंय.

मग त्याला सवयच लागली. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी संध्याकाळी, काहीतरी निमित्त काढून तो बाहेर पडायचा. निमित्त बहुतेक वेळा धाग्याचंच असायचं.

"एवढा धागा जातो कुठे?" ताईनं विचारलं. "पतंग उडवतोस का?"

तो नेहमी बेताचं अंतर राखून चालायचा. त्यामुळे त्याला दिसायची ती पाठ. पण तेवढ्यावर त्यानं कोटातल्या बाईंची सगळी माहिती गोळा केली आणि तो थक्क झाला. सकाळी बाई वाचनालयात जायच्या आणि जाडजूड पुस्तकं घेऊन बाहेर यायच्या. दुपारी त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसून लोकांना गाडी शिकवायच्या. आणि संध्याकाळी एका तळघरातल्या क्लासला जाऊन ढोल-ताशे कमी पडतील असा ड्रम बडवायच्या. तो बाहेर भिंतीला कान लावून ऐकायचा. एवढं वाचून, एवढं शिकवून बाईंच्या अंगात एवढा जोर उरतोच कसा! असं माणूस त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

काही गोष्टी जुळत नव्हत्या, पण प्रेमात माणूस वकील होतो. सकाळी बाई बुटक्या वाटायच्या आणि दुपारी उंच. गुंड्यानं ठरवलं, दुपारी टाचेचे बूट घालत असतील. सकाळी एक पाय किंचित ओढायच्या आणि संध्याकाळी पळत जिने उतरायच्या. गुंड्यानं ठरवलं, गुडघा सकाळी धरतो, हालचाल झाली की सुटतो, माझंही तसंच आहे. कोट इस्त्रीला आला की कॉलरवर कधी पांढरा केस सापडायचा, कधी काळाभोर लांब, कधी लाल रंगवलेला आखूड. यावर त्यानं दोन रात्री विचार केला. शेवटी त्याच्या लक्षात आलं, की बाई ताणात आहेत. ताणात केस पिकतात, मग माणूस रंगवतो, मग कंटाळून कापतो. बिचारी!

त्याला तिच्याकडून फार काही नको होतं. तिनं एकदा वळून आपल्याकडे बघावं, एवढंच. पुढचं तो घरी फ्रिजसमोर बसून रोज पाहायचा. ती वळते, हसते आणि म्हणते, "तुम्हीच का ते, माझी कॉलर इतकी छान बसवणारे?"

ती काही वळेना. मग त्यानं कोटाच्या खिशातून बोलायला सुरुवात केली. कोट इस्त्रीला आला की तो खिशात काहीतरी ठेवायचा. पहिल्यांदा गुडघ्याला लावायचं मलम ठेवलं. पुढच्या खेपेला कानात घालायचे कापसाचे बोळे, ड्रमसाठी. त्याच्या पुढच्या खेपेला गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, कारण शिकाऊ लोक ब्रेक फार दाबतात हे त्यानं पाहिलं होतं. वस्तू परत आल्या नाहीत. म्हणजे पोचल्या, म्हणजे आवडल्या. तो शिट्टी वाजवत इस्त्री करू लागला.

"काय रे, तब्येत बरी आहे ना?" ताईनं पडदा बाजूला करून विचारलं.

एका संध्याकाळी कोट नेहमीपेक्षा लवकर निघाला. डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला होता. गुंड्यानं गळ्याभोवतीचा मफलर नीट केला आणि मागे चालू लागला. चार पावलं गेल्यावर त्याचं लक्ष कोटाच्या पाठीकडे गेलं. पट्टा ताणला होता. बटणं आता उडतील की मग उडतील अशी झाली होती. खांद्याच्या शिवणीतले टाके उघडे पडून दातांसारखे दिसत होते. आत दोन-तीन स्वेटर घातले असावेत. थंडी वाजत असेल. पण म्हणून शिवण फाडायची?

तो वेग वाढवून चालू लागला. कोटानंही वेग वाढवला. तेवढ्यात एक टाका तुटल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. इतके महिने ज्याला बोलायचं धाडस झालं नव्हतं, तो पळत जाऊन म्हणाला, "बाई, माफ करा, खांदे जरा सैल सोडा. शिवण जाईल."

कोट थांबला. कोट वळला. कोटाला मिशा होत्या.

"सापडला!" मिशांखालून आवाज आला. "अगं या, सापडला!"

गुंड्या मागे सरकला तो कुणावर तरी आदळला. मागे तीन बायका उभ्या होत्या. एक साठीच्या पुढची, बुटकी, हातात जाड पुस्तक. एक उंच, हातात गाडीची किल्ली मुठीतून बाहेर काढून धरलेली. आणि एक विशी-बाविशीची, लाल आखूड केसांची, दोन्ही हातांत ड्रमच्या काठ्या. तो कोटाच्या मागे चालला होता तेव्हा त्या तिघी त्याच्या मागे चालत होत्या, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"हाच," लाल केसांची म्हणाली.

"पोलिसांत चला," बुटक्या बाई म्हणाल्या.

"थांबा, आई," उंच बाई म्हणाली. "ह्या चपला मी ओळखते. लाँड्रीतल्या पडद्याखालून दिसतात त्या ह्याच."

"आधी हा कोट काढा कुणीतरी," मिशीवाला म्हणाला. तो त्यांचा शेजारी, घरोघरचं फर्निचर हलवणारा आडदांड गडी, पण सगळी आळी त्याला मामा म्हणायची. "मला श्वास घेता येत नाही."

"ओढू नका," गुंड्या म्हणाला. "आधी पट्टा सोडा."

"तू गप्प बस!" चौघं एकदम ओरडली.

लाँड्रीत ताई हिशोब आवरत होती. दारातून तीन बायका, कोटात अडकलेला मामा आणि मध्ये आपला भाऊ आलेला पाहून ती उठलीच. उंच बाईनं पोलिसांना दाखवायला बरोबर घेतलेल्या तीन गोष्टी काउंटरवर मांडल्या. मलम, बोळे, गोळ्या.

"हे तुमच्याकडून आलं?"

ताईनं गुंड्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून तिला उत्तर मिळालं.

"ह्या मलमावरून मी सुनेशी आठवडाभर बोलले नाही," बुटक्या बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मी म्हातारी झाले असं सुचवतेय."

"आणि गोळ्या बघून मला वाटलं, माझ्या शिकवण्याला टोमणा मारलाय," सून म्हणाली. "मी नणंदबाईंना गाडीत बसवायचं बंद केलं."

"बोळे मला वहिनीचेच वाटले," नणंद म्हणाली. "त्याआधी दोन दिवस वहिनी म्हणाली होती, तुझा ड्रम ऐकून डोकं उठतं. मी तिच्या दारापाशी बसून वाजवला."

"अख्ख्या आळीनं ऐकला," मामा म्हणाला.

गुंड्या एकदा ह्या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे पाहत होता. "म्हणजे... कोट कुणाचा?"

"तिघींचा!" सून म्हणाली. " घरात चांगला कोट एकच आहे. जिला बाहेर जायचं ती घालते."

"अरे मेल्या!" ताईनं कपाळावर हात मारला. "मला विचारायचं होतंस! ह्या तिघी आळीपाळीनं येतात. गेलं वर्षभर मी ह्यांच्याशी गप्पा मारतेय. पडदा सरकवला असतास तरी दिसलं असतं!"

ताईला विचारणं म्हणजे ताईला कळणं.

"एक सांगा," सासूबाई पुस्तक छातीशी धरून म्हणाल्या, "आमच्यातल्या नक्की कुणाच्या मागे होतात तुम्ही?"

गुंड्यानं तिघींकडे पाहिलं. इतके दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. ती वळली होती, आणि तीन जणी होऊन त्याच्याकडे बघत होती. ह्यातला एकही चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता.

"तिघींची मिळून एक होती," तो म्हणाला. "ती खूप वाचायची."

मामाला हसू फुटलं. त्यासरशी कोटाचं एक बटण उडालं आणि काउंटरमागे कुठेतरी गेलं. मग सासूबाई हसल्या, सूनही तोंड फिरवून हसली. ताईला हसावं की रडावं कळेना म्हणून तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. गुंड्यालाही वाटलं, सुटलो. तोही हसायला गेला.

नणंद हसत नव्हती. "मी क्लास सोडलाय," ती म्हणाली.

मामाचं हसू मिशीतच विरलं.

"तिथून येताना मागे पावलं वाजायची. मी थांबले की थांबायची. मी तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊन बघितलं, तरी मागे आहेतच. घरी आले की हात इतके कापायचे की काठ्या धरता यायच्या नाहीत. तुम्हाला काय वाटत होतं, मला ऐकू येत नसेल?"

गुंड्याला खरंच तसंच वाटत होतं. आपल्याला ती दिसते, म्हणून आपण तिला दिसत नाही, इतका सरळ हिशोब होता त्याचा. आपली पावलं वाजत असतील असा विचार त्याच्या डोक्याला एकदाही शिवला नव्हता. गेले काही दिवस संध्याकाळी ड्रम ऐकू येत नव्हता, तेव्हा त्यानं ठरवलं होतं, बाई दमल्या असतील, विश्रांती घेत असतील. आणि त्याला बरं वाटलं होतं.

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बायको गेली, घर रिकामं आहे, असलं काहीतरी तोंडाशी आलं होतं. मग त्यानं त्या पोरीच्या हातांकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"चुकलो," तो म्हणाला. "मी तुम्हाला घाबरवलं. परत तुमच्या मागे येणार नाही."

"नुसतं म्हणून चालणार नाही," सून म्हणाली. "आमच्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, ड्रायव्हिंग स्कूलच्या रस्त्याला नाही, क्लासच्या रस्त्याला नाही. एकदा जरी दिसलात तरी सरळ पोलीस."

"मीच घेऊन जाईन त्याला," ताई म्हणाली. "कान धरून."

"आणि कोट आता दुसऱ्या लाँड्रीत जाणार," सून पुढे म्हणाली.

हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. "तिथे सांगा," तो घाईनं म्हणाला, "कॉलरवर थेट इस्त्री नको, वाफेवर..."

"नाही," नणंद म्हणाली. "तुम्ही कोटाबद्दल काही सांगायचं नाही."

त्यानं मान हलवली. मामाला कोटातून सोडवायला चौघी लागल्या. गुंड्या हात मागे बांधून भिंतीशी उभा राहिला. मदत करायला त्याचे हात शिवशिवत होते, पण त्यानं केली नाही. सगळे गेल्यावर ताईनं पडदा दांडीवरून ओढून काढला, घडी केली आणि धुवायच्या ढिगात टाकला. उद्यापासून तो काउंटरवर आणि ती आत, असं तिनं सांगून टाकलं.

काउंटरवर पहिले काही दिवस त्याची फार फजिती झाली. एका पैलवानाला त्यानं फ्रॉक दिला आणि एका शाळकरी पोरीला हवालदाराची विजार. पण हळूहळू त्याला तोंडं लक्षात राहायला लागली. कुणाच्या भुवया जुळलेल्या, कुणाचा एक डोळा दुसऱ्याहून हसरा. लोक बोलायचे, आणि बोलताना त्याच्याकडे बघायचे. त्याला आधी लाजच वाटली.

एकदा दुपारी तो बँकेतून परत येत होता. रस्ता त्याच्यासाठी मोकळ्या रस्त्यांपैकी होता, ताईला विचारून घेतलेला. आणि समोरून, त्याच्याच दिशेनं, तो हिरवा कोट येताना दिसला. पाठ नाही, समोरची बाजू. कॉलर वाईट बसवली होती. वर चेहरा कुणाचा आहे ते बघायच्या आत गुंड्या बाजूच्या दुकानात शिरला आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला.

ते बायकांच्या मोज्यांचं दुकान होतं.

"काय दाखवू?" दुकानदारीणबाईंनी विचारलं.

"काहीही."

"कुणासाठी पाहिजेत?"

"कुणासाठी नाही. फक्त जरा वेळ लावा."

त्यांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. नंतर काचेतून बाहेर पाहिलं. मग शांतपणे एकेक खोका काढून त्याच्यासमोर उघडायला लागल्या. लाल, करडे, ठिपक्यांचे. गुंड्या मान खाली घालून मोजे बघत होता. मागे फुटपाथवर पावलं वाजत आली, दारासमोरून गेली आणि लांब गेली. ती कुठल्या बाजूला वळली, ते त्यानं ऐकलं नाही.

"गेल्या," दुकानदारीणबाई म्हणाल्या. "आता तुम्ही जाऊ शकता."

"थांबा," गुंड्या म्हणाला. "ते करडे एकदा परत दाखवा. ताईचे पाय फार गार पडतात."