चेंडू कुणाच्या खिडकीत

नववर्षाच्या दिवशी आमच्या गावात दुकानांच्या काचांवर फळ्या ठोकतात आणि चर्चसमोर चेंडू उडवतात. वरच्या आळीच्या पुरुषांनी तो टेकडीखालच्या भिंतीला लावायचा, आमच्या खालच्या आळीच्यांनी बंदराच्या पाण्यात टाकायचा. मधे जे होतं त्याला ते खेळ म्हणतात, मी बरगड्या मोडणं म्हणते. पण चेंडू मिळतो तो पाण्यात टाकणाऱ्याला नव्हे. जिंकलेले लोक धक्क्यावर एक नाव पुकारतात, ज्यानं वर्षानुवर्षं मुकाट्यानं रेटारेटी केली त्याचं. मग तो चेंडू त्याच्या खिडकीत टांगला जातो आणि तो मेल्यावरही तिथंच राहतो.

यंदा जिंकलो तर नाव माझ्या नवऱ्याचं होतं, मॅन्सीचं. खालच्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल: आधी मॅन्सी, मग ऑली, आणि पुढं कधीतरी एडविन फ्लेट. मॅन्सीचा खांदा पार कामातून गेला होता, पुढच्या वर्षी तो त्या गर्दीत उभा राहील असं मला वाटत नव्हतं. म्हणून मी खिडकीला रंग दिला, पितळी हुक आणला, मटणाची मांडी मिठात घालून ठेवली.

नाताळ झाला आणि एडविनची बायको मेरन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कोट काढला नाही, चहाला हात लावला नाही.

"डॉक्टरांनी मला सांगितलंय, त्याला नाही," ती म्हणाली. "उन्हाळा बघायचा नाही म्हणाले."

"एडविनला काहीच ठाऊक नाही?" मी विचारलं.

"छातीत कफ झालाय म्हणतो. मॅन्सी, त्याला फार हौस आहे रे त्या चेंडूची. यंदाचा त्याला..."

"देऊ की," मॅन्सी म्हणाला. तिनं वाटीभर साखर मागितली असती तरी तो असाच बोलला असता.

ती गेल्यावर मी भांडी आपटली. "मोठा धर्मात्मा आलाय! मला विचारलंस?"

"माणूस मरतोय, इसा."

"मरणारच आहोत सगळे! हातातोंडाशी आलेला घास दुसऱ्याच्या ताटात वाढायचा?"

"चेंडू आहे तो. कातडं आणि भुसा."

"मग त्या भुशापायी जन्मभर हाडं का मोडून घेतलीस?"

तो खांद्याला तेल चोळत बसला. मेरनचं दुःख मला कळत नव्हतं असं नाही. पण माझा राग खरा होता, आणि तो आजही गेलेला नाही.

नववर्षाला अंधारून येता येता आमचे लोक चेंडू घेऊन धक्क्यावरून खाली कोसळले. गळ्याएवढ्या गार पाण्यात चेंडू धरून उभा होता तो मॅन्सीच. कुणी तोंड उघडायच्या आत तोच ओरडला, "एडविन! एडविन फ्लेट!" मग सगळ्यांनी तेच नाव उचललं, पहिलं ऑलीनं.

एडविन भिंतीला टेकून धापा टाकत होता. अर्धा खेळ त्यानं तिथंच काढला होता. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, ओला चेंडू हातात दिला. मी समोरच होते. एवढी हौस असलेल्या माणसाच्या तोंडावर हसू नव्हतं. तो ऑलीकडे बघत होता, आणि ऑलीनं मान खाली घातली.

जिंकणाऱ्याचं घर त्या दिवशी सगळ्या गावाला उघडं असतं. माझं मटण मीच त्यांच्याकडे नेऊन दिलं. बाहेर गाणी चालली होती. एडविन चेंडू काखेत मारून मागच्या स्वयंपाकघरात आला आणि त्यानं दार लोटून घेतलं. आत आम्ही तिघंच होतो, मेरन, मॅन्सी आणि मी.

"नंबर तुझा होता," तो मॅन्सीला म्हणाला. "मग ऑलीचा. माझं नाव का घेतलंस?"

"चांगला खेळलास."

"भिंतीला टेकून?" एडविन हसला, हसताना त्याला खोकला आला. "मॅन्सी, तुला खोटं बोलता येत नाही, उगाच त्रास करून घेऊ नकोस. मेरन, डॉक्टर काय म्हणाला?"

मेरन पाठ फिरवून पाव कापत राहिली. एडविननं माझ्याकडे बघितलं. मी गावातली एक नंबरची तोंडाळ बाई, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेवढं त्याला पुरलं.

"कधीपर्यंत?" त्यानं विचारलं.

"उन्हाळ्याच्या आधी," मेरन भिंतीकडे बघून म्हणाली.

बाहेरून त्याच्या नावाचा आरडाओरडा सुरू झाला. त्यानं चेंडू टेबलावर ठेवला, शर्टाची बाही तोंडावरून फिरवली आणि माझ्याकडे वळला.

"इसा, तू म्हणे पितळी हुक आणलायस. आमच्याकडे टांगायला काही नाही. उसना देतेस?"

मी मान डोलावली.

"फार दिवस नाही ठेवणार," तो म्हणाला आणि दार उघडून गाणाऱ्यांमध्ये गेला. त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

मार्चमध्ये मेरन हुक परत घेऊन आली. चेंडू तिनं दोरीनं टांगला होता. पुढच्या नववर्षाला मॅन्सी तसल्या खांद्यानं खेळला, खालचे पुन्हा जिंकले, आणि नाव पुकारायच्या आधीच हा निथळत घरी आला.

"थांबला का नाहीस?" मी ओरडले. "तुझंच नाव घेणार होते!"

"म्हणूनच. ऑलीचं घेऊ देत की," तो म्हणाला आणि चुलीपुढं बसून बूट काढू लागला.