नळीत रंगच येईना

गुलाबीताईचं डोकं फिरलं ते नोंदवही उघडताक्षणी. लेकीच्या शाळेत पालकसभा म्हणून एका दिवसाची रजा काय घेतली, इकडे व्यवस्थापकसाहेबांनी लाल शाईत शेरा ठोकून ठेवलेला: 'पाण्यात क्लोरीन शून्य. कर्मचारी निष्काळजी. खुलासा द्यावा.'

शून्य! अकरा वर्षं ती हा कोमट पाण्याचा तलाव सांभाळत होती. गुडघे-कंबर दुखणारी म्हातारी माणसं इथे पाण्यात व्यायाम करायची. रोज सकाळी नळीत पाणी घ्यायचं, त्यात गोळी चुरायची आणि गुलाबी रंग किती चढला ते तक्त्याशी ताडून बघायचं. नळी उजेडाकडे धरून उभी राहायची म्हणून सगळे तिला गुलाबीताईच म्हणायचे. आणि हा गृहस्थ, खुर्चीत बसून चार महिने झाले नाहीत, तिला निष्काळजी म्हणतो!

ती तरातरा तलावाकडे गेली आणि दारातच थबकली. नाकात झणझणलं, डोळे चुरचुरले. पायरीवर राहिलेलं पुसायचं काळं फडकं रात्रभर पाण्यात पडून चक्क विटकरी झालं होतं.

साहेब मागोमाग आलेच.

"काल किती पावडर टाकलीत, साहेब?"

"तीनदा. दर वेळी तपासलं, पण नळीत रंगच येईना, म्हणून आणखी टाकली. तुमचं काम मला करावं लागलं."

"गोळी टाकल्यावर क्षणभर गुलाबी झालं आणि लगेच उडालं, असं झालं का?"

"हो. उडालं म्हणजे शून्यच की."

"शून्य कसलं डोंबलाचं! क्लोरीन भलतंच वाढलं की ते नळीतला रंगसुद्धा खाऊन टाकतं. पहिल्यांदाच जास्त झालं होतं, त्यात तुम्ही आणखी ओतत बसलात. आणि वर खुलासा मी द्यायचा?"

साहेबांचा चेहरा आक्रसला. "पुस्तकी गोष्टी मला सांगू नका. दहाचा वर्ग आलाय."

आलाच होता. डोक्याला रबरी टोप्या घातलेल्या आठ आज्या कठडा धरून हळूहळू येत होत्या, आणि सगळ्यांत पुढे गुलाबीताईची सख्खी सासू. ताई पायऱ्यांवर आडवी उभी राहिली.

"कुणीही उतरायचं नाही!"

"बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "वर्ग रद्द झाला तर उद्यापासून कामावर येऊ नका."

ही नोकरी गेली तर लेकीची शाळा कशी चालायची? पण म्हाताऱ्या माणसाची कातडी किती पातळ असते, ते सासूच्या गुडघ्यांना रोज तेल लावताना तिच्या हातांना कळत होतं. ती हलली नाही.

"उतरा हो आजी," साहेब तिच्या सासूला म्हणाले, "काही होत नाही."

सासू म्हणजे घरात हिच्या प्रत्येक कामाला नावं ठेवणारी. आता चारचौघांत काय बोलते, म्हणून ताई तिच्याकडे बघत राहिली.

"काही होत नाही ना?" सासू म्हणाली. "मग तुझ्या आईला बोलाव बाबा. ती उतरली की आम्ही उतरतो. हिला भाजीतलं मीठ अजून कळत नाही, रोज बोलते मी. पण या पाण्यात काय कमी, काय जास्त, हे हिच्याइतकं कुणाला कळत नाही. ही नको म्हणाली, म्हणजे नको."

सातही आज्या भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. आठवी, म्हणजे सासू, जागची हलली नाही.

ताईने पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली. एक भाग तलावाचं पाणी, नऊ भाग बाटलीतलं. गोळी चुरली आणि नळी साहेबांच्या नाकासमोर धरली. दहापट पातळ केलेलं पाणीसुद्धा गडद गुलाबी झालं, आणि या खेपेस रंग काही उडाला नाही.

"तक्त्यावर तीन आलं. म्हणजे तलावात तीस. हवं किती? तीन! आता यात तुम्ही पाय बुडवून दाखवा, साहेब. काढा बूट."

साहेबांनी बुटांकडे पाहिलं, आज्यांकडे पाहिलं. बूट काही काढले नाहीत.

अर्ध्या तासाने त्यांनी नोंदवही मागवली. कालचा शेरा तसाच ठेवला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'तांत्रिक कारणामुळे वर्ग रद्द.' वही मिटून तिच्याकडे सरकवली, जणू विषय संपला.

ताईने ती पुन्हा उघडली. त्यांच्याच टेबलावरचं लाल पेन उचललं, कालचा शेरा आडवी रेघ मारून खोडला आणि आजच्या ओळीखाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'तांत्रिक कारण म्हणजे व्यवस्थापकसाहेब.'

मग खाली सही केली, पूर्ण नावानिशी.