'गो'चा तास

'गो' हे क्रियापद आज घ्यायचं, हे विद्युलतानं कालच ठरवलं होतं. सांगलीची ही बाई, चेन्नईतल्या मैलापुरात देवळामागच्या एका खोलीत बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायची. आता 'गो' म्हणजे नुसतं जाणं थोडंच? दूध नासलं तरी गो, दिवे गेले तरी गो, केस पिकले तरी गो, आणि डोकं फिरलं तरी गोच. थोरल्या सुनेसारखी सगळी कामं मेल्याच्या गळ्यात.

तास सुरू होतोय तोच वर्गातल्या कनकाच्या फोनवर बातमी आली. शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांच्या वसाहतीत गॅसगळती. कारखान्याचं नाव वाचून दोघींचे चेहरे उतरले. कनकाचा नवरा मुरली आणि विद्युलताचे शरदचंद्र तिथं एकाच खात्यात. फोन तरी कुणाला करणार? तिथं फोन गेटवर जमा करूनच आत सोडतात, आणि गेटवरचा नंबर सारखा एंगेज.

"घरी जाऊ का, अक्का?" कनकानं तमिळमध्ये विचारलं.

"घरी जाऊन भिंतींकडे बघत बसणार? इथंच बस," विद्युलता म्हणाली आणि तिनं खडू उचलला. खरं सांगायचं तर एकटीनं घरी बसायची तिचीच छाती नव्हती.

दूध नासल्याचं वाक्य लिहून झालं, दिवे गेल्याचंही झालं. पुढचं माणसाचं होतं. मेलेल्या माणसाला 'ही इज गॉन' म्हणतात, आणि ते काही तिच्यानं लिहवेना. मन चिंती ते वैरी न चिंती. मग तिनं बस मैलापूरला जाते, असलं काहीतरी खरडलं.

पहिल्या बाकावरच्या कृष्णवेणीअम्मांनी ते ओळखलं. तंजावरकडच्या मराठी, परदेशातल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून येत. "ऱ्हावूं दे ते," त्या आपल्या जुन्या मराठीत म्हणाल्या. "आमचे घरांत निघतांना 'येतों' म्हणतात. 'जातों' म्हणत नाहींत."

सांगलीतही तेच. पण सकाळी शरदचंद्र काय म्हणून निघाले, ते विद्युलताला आठवेना. कढईत फोडणी होती, तिनं लक्षच दिलं नव्हतं.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"विद्या, मी बाहेर आलोय. बरा आहे." शरदचंद्रच होते. तिला रडू फुटलं. "ऐक. मुरली आत अडकलाय. बंबवाले अजून पोचले नाहीत आणि तो नेमका कुठं आहे ते मलाच माहीत आहे. मास्क लावून परत आत शिरतोय."

"तुम्ही नका जाऊ," ती म्हणाली. "मुरलीला दुसरं कुणीतरी आणेल. तुम्हाला माझी शपथ आहे."

कनकाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव कळायला भाषा कशाला लागते? तिनं येऊन विद्युलताचा हात धरला. "सर मुरलीचं काय म्हणतायत, अक्का?"

कृष्णवेणीअम्मांना सगळं कळलं होतं. त्या मान खाली घालून बसल्या. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोनवर शरदचंद्र नुसते थांबले होते. बायकोनं शपथ घातल्यावर हा माणूस पाऊल उचलायचा नाही, हे विद्युलताइतकं कुणाला ठाऊक?

"शपथ सुटली," ती म्हणाली. "आणा त्याला."

फोन बंद झाला. तिनं मोडक्यातोडक्या तमिळमध्ये कनकाला सांगितलं, की सर मुरलीला आणायला आत गेलेत.

"देवमाणूस आहेत सर," कनका म्हणाली आणि तिच्या कुशीत शिरली. विद्युलता तिला थोपटत राहिली. तिच्या तोंडाकडे बघायची मात्र तिला हिंमत झाली नाही.