हौदापासून डाव्या अंगाला

यवतमाळ शहर कळलं असेल तर ते एकट्या नागोरावाला. बाकीची माणसं तिथं नुसती राहतात. बाभुळगावाकडच्या त्या लहानशा गावात ही गोष्ट सर्वमान्य होती, कारण ती नागोरावानंच ठरवली होती. वीस वर्षं तो लोकांचा कापूस आपल्या बैलबंडीत भरून यवतमाळच्या बाजारात नेत होता. आता खरंच सांगायचं तर ही वीस वर्षं त्यानं कापसावर उताणं पडून, तोंडावर दुपट्टा ओढून काढली होती. शहर जवळ आलं की त्याचा डोळा लागायचा आणि बैल हौदावर पाणी प्यायला थांबले की उघडायचा. हौदापासून डाव्या अंगाला वळलं की जिथं कापूस उतरवायचा त्या जिनिंगचं फाटक. मधलं यवतमाळ बैलांना माहीत होतं.

लेक सत्यशीला चौथीत होती आणि गावातली शाळा चौथीलाच संपायची. पुढं यवतमाळच्या मुलींच्या शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून शिकायचं, असं तिनं आणि मास्तरांनी मिळून ठरवलं होतं. आई तुळसाबाईनं चुलीपुढून एकच अट घातली.

"तुमी पोरीले शाळा दाखवून आणा. बापाले रस्ता ठावूक असन तं पाठवतो. नाही तं जून लागला का माह्यासंग निंदाले."

"रस्ता? मले?" नागोराव हसला. "अवं, डोळे झाकून नेतो."

डोळे झाकूनच नेलं असतं तर बरं झालं असतं. पण बैल घरी राहिले आणि नागोराव दोन लेकरं घेऊन यष्टीनं निघाला. दुसरं लेकरू उकंडा, वय सहा. तो घरी राहिला तर कोंबड्या घरी राहत नाहीत, म्हणून सोबत. यष्टी भलत्याच बाजूनं शहरात शिरली. नागोरावानं यवतमाळ पहिल्यांदाच जागेपणी पाहिलं, आणि ते त्याच्या ओळखीचं निघालं नाही.

"आयका," तो स्टँडावर उतरताच म्हणाला, "शहरात मंधामंधात बोलाचं नाही. मी दाखवीन ते पाहाचं."

आणि तो चालू लागला. हौद एकदा सापडला की बाकीचं शहर आपोआप जागच्या जागी येईल, असा त्याचा हिशेब होता. पाऊण तास झाला. एका शिंप्याच्या दुकानात काचेमागं कोट घातलेला लाकडी पुतळा उभा होता, त्याला डोकं नव्हतं. त्याच्यापुढून ते गेले. थोड्या वेळानं पुन्हा गेले, मग आणखी एकदा.

"बाबा," उकंडा शेवटी न राहवून म्हणाला, "हा बिनडोक्याचा माणूस तिसऱ्या बारीनं भेटला."

"शहरात असे लय असतात," नागोराव म्हणाला. "चाल."

 सत्यशीलानं फक्त मागं वळून पाहिलं.

ऊन डोक्यावर आलं. उकंडा खांद्यावर आला. नागोरावाला तुळसाबाईचं निंदायचं खुरपं दिसू लागलं. पोरीदेखत शाळेचा रस्ता विचारणं म्हणजे पोरीच्या हातात ते खुरपं देणं. म्हणून लेकरांना सावलीत उभं करून त्यानं पानवाल्याला हळूच, शाळेचं नाही, हौदाचं विचारलं.

"कोन्ता हौद, पाहुणे?"

"ज्याच्यावर बैल पानी पेतात तो."

"मंग बैलाले इचारा ना बाप्पा," पानवाला चुना लावत म्हणाला.

तो थट्टा करत होता. पण वीस वर्षांत नागोरावाला इतका शहाणा सल्ला कोणी दिला नव्हता. समोरून कापसानं भरलेली एक बंडी चालली होती, आणि वर तोंडावर दुपट्टा घेतलेला धनी निजला होता. नागोरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो लेकरांना घेऊन त्या बंडीच्या मागं लागला.

बैलांनी चार गल्ल्या ओलांडल्या, ते दोनदा वळले, आणि थेट हौदावर जाऊन थांबले.

"पाहा!" नागोराव छाती फुगवून म्हणाला. "हे यवतमाळ!"

लेकरांनी यवतमाळ पाहिलं. त्यात शेवाळ होतं.

"आन् हौदापासून डाव्या अंगाला..." तो म्हणाला आणि थांबला. डाव्या अंगाला जिनिंगचं फाटक होतं. उजव्या अंगाला काय असतं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो हौदाच्या काठावर बसला. बैल पाणी पीत होते. त्यांनाही शाळा माहीत नव्हती.

"सत्यशीला," तो खाली बघत म्हणाला, "शाळा काही सापडून नाही राह्यली, माय."

"सापडली ना, बाबा. त्या बिनडोक्याच्या माणसासमोरच हाय. सकायीच पाटी वाचली मी. तिन्ही बारीनं वाचली."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी म्हनलं, मंधात बोलाचं नाही."

मग ती पुढं झाली. दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत वाचत तिनं बापाला आणि भावाला परत नेलं. शाळा पाहिली, वसतिगृहाची विहीर पाहिली, मोठ्या बाईंनी जूनमध्ये दाखला घेऊन यायला सांगितलं. नागोराव फाटकाशी टोपी हातात धरून उभा होता.

यष्टीत तो उकंडाला भजी चारत राहिला, तोंड भरलेलं राहावं म्हणून. पण भजी बाभुळगावालाच संपली.

"सापडला रस्ता?" तुळसाबाईनं दारातच विचारलं. नागोराव घराचे वासे बघू लागला.

"सापडला," सत्यशीला म्हणाली.

"ताईले सापडला!" उकंडा ओरडला. "बाबाले हौद सापडला!"

तुळसाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं पाहिलं.  नागोरावानं श्वास धरला.

"जाऊ दे तिले," ती शेवटी म्हणाली. "घरात एकाले तरी रस्ता समजला पाह्यजे."

नागोरावाचा श्वास सुटला, आणि त्यासोबत आवाजही. "म्हनलं नव्हतं मी? जूनमधी मी सोता नेऊन सोडतो! पुरं यवतमाळ दाखवतो, एकही गल्ली सोडत नाही!"

"बाबा," सत्यशीला पाय धुता धुता म्हणाली, "येजा तुमी. फक्त बैल संग आना."