करड्या कोटातली चाळीस माणसे

बसा, मित्रांनो. पण माझ्यावर नको, मी सध्या कामात असते. समोरच्या बाकावर टेका. मी फोटो स्टुडिओतली एक जुनी फिरती खुर्ची आहे. जिच्यासाठी मोठी माणसे एकमेकांचे पाय ओढतात, ती खुर्ची वेगळी. माझ्यावर माणूस फार तर पाच मिनिटे बसतो, हनुवटी वर करतो, श्वास रोखतो आणि उठून जातो.

मला एका सुताराने घडवले. गोल बैठक, बुटकी पाठ आणि मधोमध आट्यांचा लोखंडी दांडा, म्हणजे बसणारा बुटका असला तर मला फिरवून उंच करता यावे. तो सुतार कुठल्या गावाहून आला होता हे मला आजही माहीत नाही. त्या काळी गिऱ्हाईक सुताराला एकच गोष्ट विचारायचे, "पाय डगमगणार नाहीत ना?" ते अजून डगमगलेले नाहीत. डावीकडे फिरताना मी थोडी कुरकुरते, पण तो वयाचा दोष नाही. माझा स्वभावच तसा.

माझ्या मालकांना सगळी गल्ली फोटोवाले काका म्हणते. काका फोटो काढतात आणि काकू पुढे बसून ते कात्रीने कापतात. काकूंची कात्री सरळ चालते आणि जीभही. नव्या नोकरीचे, लग्नाचे, परीक्षेचे, पहिल्या दाताचे आणि शेवटच्या दाताचे, सगळे फोटो माझ्यावरच निघाले. लोक म्हणायचे, "काकांच्या खुर्चीत बसलं की माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसतो." मला तेव्हा केवढा अभिमान वाटायचा!

आमच्या स्टुडिओपासून दोन दारे सोडून एक शिवणकाम करणारी बाई राहायची. कपडे उसवणे, आखूड करणे, सैल करणे हे तिचे काम. ती एकोणीस वर्षांपूर्वी कामासाठी बाहेरून आली होती, म्हणून तिला कुणी नावाने हाक मारीत नसे. तिला 'बाहेरची शिवणवाली' म्हणत. तिची एकच खोली होती. पुढे कापड कापायचे टेबल आणि मशीन, मागे तिच्या आईची खाट. आईची नजर गेलेली होती. पण खाटेपासून नळापर्यंत आणि नळापासून दारापर्यंतची भिंत तिच्या तळहाताला पाठ होती. तेवढ्या एका भिंतीच्या आधाराने म्हातारी कुणाच्या मदतीशिवाय जगत होती. म्हणून शिवणवालीचा सगळा जीव त्या खोलीत अडकलेला होता.

पुढे गावात बाहेरून आलेल्यांविषयी कुजबुज सुरू झाली. नळाला पाणी कमी आले, बाहेरचे जास्त भरतात. कुणाची सायकल गेली, बाहेरच्यांनी नेली असेल. ती सायकल नंतर सायकलवाल्याच्याच मेहुण्याकडे सापडली, पण ती बातमी कुजबुजीएवढी लांब गेली नाही. नागरिक समितीने ठराव केला की बाहेरच्यांना दिलेल्या खोलीचा करार दरवर्षी समितीच्या संमतीनेच पुढे चालेल. त्या दिवसापासून शिवणवालीच्या शिवणीतले टाके बारीक झाले, असे काकू म्हणायच्या.

एके दिवशी ती एका कागदासाठी फोटो काढायला आली. फोटो झाला, ती उठली. तिच्यामागे एक चांगल्या घरातली बाई उभी होती. त्या बाईने पर्समधून रुमाल काढला, माझी बैठक पुसली, पाठ पुसली, मग रुमाल दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि मगच बसली. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी इतके मन लावून पुसले नव्हते. शिवणवाली अजून दारातच होती. तिने ते पाहिले. काकांनीही पाहिले. त्यांचा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला.

त्या घटनेतूनच काकांना ती कल्पना सुचली. चाळीस माणसांचे फोटो काढायचे. वीस इथली, वीस बाहेरून आलेली. पडदा एक, उजेड एक, खुर्ची एक. कपड्यावरून कुणी माणूस ओळखू नये म्हणून कोटही एकच. मग फोटो नावाशिवाय, नुसते क्रमांक लावून सभागृहात टांगायचे आणि लोकांना सांगायचे, ओळखा पाहू यातले बाहेरचे कोण!

"लोकांना कळेल," काका म्हणाले. "स्वतःच्या डोळ्यांनी फसले की कळेल."

"तुम्ही फोटो काढा, लोकांचे डोळे नका काढू," काकू म्हणाल्या. पण फोटो त्यांनीच कापले, चाळीसच्या चाळीस.

कोट शिवणवालीने शिवला. करडा, बिनकॉलरचा, पाठीमागे बांधायचे बंद, म्हणजे जाड्यालाही यावा आणि बारक्यालाही. माणसे येऊ लागली. बसचालक आला, दवाखान्यातली आया आली, शीतगृहात खोकी उचलणारे दोघे भाऊ आले, बँकेतली बाई आली, निवृत्त मुख्याध्यापक आले. मी माझ्यापुरते सांगते, कोण कुठला आहे हे मला एकाच्याही वजनावरून सांगता आले नसते. कोट चढवला की पहिल्यांदा सगळेच खांदे उडवत आणि म्हणत, "बरा बसतोय की!"

शिवणवाली शेवटी आली. बसल्यावर तिने जमिनीला पाय लावून मला एक गिरकी दिली. मी कुरकुरले आणि ती खळखळून हसली. ते हसू ओसरत असताना काकांनी बटण दाबले. पुढे क्रमांक मिसळून लावले, त्यात तो फोटो क्रमांक सतरा झाला. काकांनी आयुष्यात काढलेला सर्वांत चांगला फोटो तोच, असे मी छातीठोकपणे सांगते, आणि मी हजारो पाहिलेत.

प्रदर्शनाच्या दिवशी मला हातगाडीवरून सभागृहात नेले आणि तो कोट माझ्या पाठीवर घालून व्यासपीठावर ठेवले. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. तोबा गर्दी होती. प्रत्येकाला नाव घालून भरायची एक चिठ्ठी दिली होती. लोक फोटोंपुढे उभे राहत, डोळे बारीक करत, एकमेकांना ढोसत आणि खुणा करत. समितीचे अध्यक्षही आले होते. गप्पिष्ट, दिलदार माणूस. वाईट म्हणावा असा मुळीच नाही. त्यांच्या विजारी एकोणीस वर्षे शिवणवालीकडे आखूड व्हायला येत होत्या. नोकर आणून टाकायचा आणि नोकर घेऊन जायचा. तिची शिवण त्यांच्या अंगावर होती, पण तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी काकांनी चिठ्ठ्या तपासल्या. एकालाही निम्म्याहून जास्त ओळखता आले नव्हते. काकांना आनंद आवरेना. तिथेच त्यांची चूक झाली, मित्रांनो. त्यांनी माइक हातात घेतला आणि अध्यक्षांची चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"क्रमांक सतरा," काका म्हणाले. "अध्यक्षांनी शेरा लिहिलाय, 'ही आपलीच. घरंदाजपणा डोळ्यांत दिसतो.' तर मंडळी, या आपल्या दोन दारं सोडून राहणाऱ्या शिवणवाल्या बाई!"

सभागृहात हशा पिकला.

"आणि क्रमांक आठ. 'हा नक्की बाहेरचा. नजर चोरटी आहे.'"

पहिल्या रांगेतून निवृत्त मुख्याध्यापक काठी टेकत उठले. "तो मी," ते म्हणाले. "तुम्हाला पाढे मीच शिकवले होते."

मग तर लोक पोट धरधरून हसले. अध्यक्षही हसले, सगळ्यांत मोठ्याने. शिवणवाली मागच्या भिंतीशी उभी होती, तीही हसली. गाडीवरून मला परत नेताना काका शीळ घालत होते. काकू मात्र घरी आल्यावर एवढेच म्हणाल्या, "चारचौघांत हसं झालेला माणूस हसतो, पण विसरत नाही हो."

आठ दिवसांनी त्याच सभागृहात समितीची सभा भरली. फोटो अजून भिंतीवर होते आणि कोट घालून बसायची हौस असलेल्यांसाठी मला पुन्हा तिथे नेऊन ठेवले होते. म्हणून पुढचे मी स्वतः ऐकले.

अध्यक्ष उठले आणि फोटोंच्या रांगेपुढून सावकाश चालत गेले. "मी चुकलो," ते म्हणाले. "सगळ्या गावासमोर चुकलो, मला त्याची लाज नाही. पण मी तुम्हाला एकच विचारतो. तुम्हाला तरी ओळखता आलं का? मुख्याध्यापक कोण आणि परका कोण, कळलं का कुणाला?"

लोक म्हणाले, "नाही."

"मग हे आपल्यात इतके मिसळलेत की आपण त्यांना ओळखूच शकत नाही. मला सांगा, याहून मोठा धोका कुठला? फोटोवाल्या काकांचे आपण आभार मानले पाहिजेत. त्यांनी आपले डोळे उघडले."

टाळ्या पडल्या. त्याच लोकांच्या, मित्रांनो. आठवड्यापूर्वी जे पोट धरून हसले होते, त्यांच्याच. काका उठून काही बोलू लागले, पण त्यांचा आवाज टाळ्यांत बुडाला. ठराव झाला की बाहेरून आलेल्या प्रत्येकाने फोटोचे ओळखपत्र गळ्यात घालावे. ओळखपत्र नसेल त्याच्या खोलीचा करार पुढे चालणार नाही. आणि फोटो काढायचे काम कुणाला? गावात स्टुडिओ एकच.

काकांनी नकार दिला. समितीचा माणूस रोज यायचा आणि काका रोज दार लावून घ्यायचे. नऊ दिवस मी अंधारात होते आणि मला त्याचा आनंद होता. दहाव्या दिवशी सकाळी मागच्या दाराने शिवणवाली आली.

"काका, माझा फोटो काढा."

"मी नाही काढणार. या गळ्यातल्या पट्ट्याला मी हात लावणार नाही."

"तुम्ही नाही काढलात तर पट्टा जात नाही, माझी खोली जाते," ती म्हणाली. "महिनाअखेर आलीय. आईला दुसऱ्या भिंतीची सवय करायला मी आता कुठून वर्षं आणू?"

काकूंनी कात्री खाली ठेवली आणि उठून दिवे लावले. काकांकडे त्यांनी पाहिलेही नाही.

नियम आधीच आलेले होते. पडदा पांढरा. चेहरा समोर. हसायचे नाही. छातीशी क्रमांकाची पाटी. ती बसली आणि तिने पाटी धरली. मी वाट पाहत होते की काका बटण दाबतील, पण आवाज येईना.

"दाबा ना, काका," ती म्हणाली. "आई एकटी आहे."

काकांनी दाबले. ती गेल्यावर त्यांनी पुढचे दार उघडले. पायरीवर रांग लागलेली होती. दवाखान्यातली आया, शीतगृहातले भाऊ, करड्या कोटातली बाकीची एकोणीस माणसे आणि त्यांच्यामागे आणखी कितीतरी. कुणी काकांना दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, काकांना जरा हलके वाटले असते.

ओळखपत्रे झाली. चेहरा, पत्ता, काम, सगळे समितीच्या कपाटात एका ठिकाणी आले. इतके दिवस कोण कुठे राहतो हे कुणालाच नीट माहीत नव्हते, आता एका बैठकीत दिसू लागले. महिनाअखेरीला शिवणवाली ओळखपत्र गळ्यात घालून कराराला गेली. 'या गल्लीतली संख्या जास्त झाली आहे,' असे कागदावर लिहून मिळाले. संख्या आमच्यामुळेच कळली होती.

ती गेली तो दिवस मी काचेतून पाहिला. टेबल आणि मशीन गाडीवर चढले. काकू म्हातारीचा दंड धरून उभ्या होत्या. म्हातारी दुसरा हात पुढे करून हवेत चाचपत होती. भिंत शोधत होती. काका बाहेर गेले नाहीत. ते माझ्यावर येऊन बसले आणि गाडी वळेपर्यंत उठले नाहीत. मी एवढी माणसे पेलली, पण तेवढे वजन मला कधी लागले नव्हते. त्या मायलेकी कुठे गेल्या हे आम्हाला कळले नाही.

चाळीस फोटोंचे काय झाले विचाराल, तर इथल्या वीस जणांच्या घरची माणसे येऊन आपापले फोटो घेऊन गेली. त्यांच्याबरोबर आपला नको, असे म्हणाली. मुख्याध्यापकांचा मुलगाही आला होता. उरलेले वीस माळ्यावर आहेत. न्यायला कुणी येत नाही आणि काका टाकू देत नाहीत.

अशा कहाणीच्या शेवटी आमच्यासारख्या जुन्या वस्तू विनवणी करतात. आम्हाला जपा, तेलपाणी करा, अडगळीत टाकू नका. माझी तशी तक्रार नाही. ओळखपत्राचा फोटो दरवर्षी नवा लागतो, त्यामुळे मला क्षणाची फुरसत नाही आणि समितीने माझ्या दांड्याला चांगले तेलही घातले आहे. आता मी कुरकुरतसुद्धा नाही.

पण मागायचेच झाले तर एक मागते. तुमच्या वर्गात उद्या कुणी नवे मूल येईल. ते कुठले आहे हे ओळखायची पैज लावू नका. 'अगदी आपल्यासारखेच दिसते हो' असे कौतुकही करू नका. ते दिसायला कसेही असो, सरकून त्याला बाकावर जागा द्या. आम्हीही लोकांशी पैज लावली होती, मित्रांनो. ती आम्ही जिंकलो होतो.