जास्वंदीचा गुन्हेगार

नाती तुटली की माणूस गुन्ह्याकडे वळतो, हा सिद्धांत झुंबर सरांनी कॉलेजात तीस वर्षं शिकवला. आता निवृत्त, विधुर सर द्वारका चौकामागच्या कॉलनीत रोज सकाळी शेजारच्या कुसाबाईंची जास्वंदीची फुलं चोरतात. "कोण हाय रे तिकडं?" असं त्या खिडकीतून ओरडतात. दिवसभरात सरांची चौकशी तेवढीच होते.

सोमवारी सर सापडले.

"अहो सर, तुमच्या घरात देव्हारा नाय. फुलं कशाला?"

खरं सांगायची सरांना लाज वाटली. "हिच्या फोटोला," ते म्हणाले.

कुसाबाईंचे डोळे भरले. "मग मागायचं ना!"

मंगळवारी फुलांनी भरलेली परडी सरांच्या दारात होती. कुणी ओरडलं नाही. कॉलनीतली गुन्हेगारी शून्यावर आली. सर दिवसभर कुणाशीच बोलले नाहीत.